नोंदवहीत एकही केसाळ नाही

आमच्या धाकट्या दिरांना सगळी गल्ली 'नापास' म्हणते. तोंडावर कुणी म्हणत नाही, कारण त्यांच्या तोंडी लागलं की तासभर सुटका नसते. शाळेत नापास झाले म्हणून नव्हे हं. शाळेत ते पहिल्या पाचात असायचे, आणि साठी उलटली तरी ते अजून सांगतात. मोज्यांच्या कारखान्यात ते तपासनीस होते. टेबलावर पत्र्याचा एक पाय उलटा उभा केलेला. विणून आलेला मोजा त्या पायावर चढवायचा, दिव्याखाली फिरवायचा, एखादा टाका सुटलेला दिसला की 'नापास' म्हणायचं आणि मोजा डावीकडच्या खोक्यात टाकायचा. एकतीस वर्षं हेच. दुसरा शब्दच तोंडात नव्हता, म्हणून यंत्रावरच्या बायकांनी तेच नाव पाडलं, आणि ते कारखान्यातून गल्लीत आलं.

मी त्यांची वहिनी. आमचे हे गेल्यापासून मी त्याच घरात वरच्या मजल्यावर एकटी राहते. खाली भावजी आणि त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिला मी धाकटीच म्हणते. मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. टेबल पुसायचं, जनावर धरायचं, आणि सुई टोचताना जनावराऐवजी मालकच पडायला लागला तर त्याला धरायचं. सव्वीस वर्षांत नाही नाही ती जनावरं या हातांनी धरली. त्यांतलं एकही भावजींइतकं स्वतःवर खूश नव्हतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला माझी कणीक कशी चुकते ते समजावून सांगितलं होतं. स्वतः कधी कणकेला हात लावला नाही, पण चूक कुठे आहे ते बरोब्बर माहीत. मोठं झाल्यावर तीच खोड पगारी झाली एवढंच. धाकटी आल्यावर तर त्यांना घरबसल्या तपासायला माणूस मिळालं. ती चारचौघांत काही सांगायला लागली की हे मध्ये तोंड घालणार. 'मंगळवारी नाही, बुधवारी.' 'निळी नव्हती, जांभळी होती.' बिचारी एखादी गोष्ट शेवटापर्यंत नेईल तर शपथ. हळूहळू तिनं सांगणंच सोडलं. त्यांना मूल झालं नाही. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. तेव्हा भावजी तिला जे बोलले ते मी इथे सांगणार नाही. मला ते सांगताना तोंड कडू होतं.

कारखाना बंद पडला आणि भावजी घरी बसले. घरी बसलेला तपासनीस म्हणजे काय ते ज्याच्या घरी आहे त्यालाच ठाऊक. तीन महिने त्यांनी भांडी, चादरी, दूधवाला आणि धाकटी यांची तपासणी केली. मग एक दिवस कुठल्याशा मासिकात त्यांनी बिनकेसाच्या कुत्र्यांचा फोटो पाहिला आणि आमच्या घराला ग्रहण लागलं.

तुम्ही हे कुत्रं पाहिलं नसेल तर सांगते. अंगावर केस नाही. डोक्यावर थोडा झुबका, शेपटीच्या टोकाला थोडा, पायाला थोडे, बाकी सगळं उघडं. कातडी करडी, मध्ये मध्ये गुलाबी डाग, आणि हात लावला की तापलेल्या तव्याशेजारी ठेवल्यासारखी गरम. स्वभावानं गरीब, चिकट म्हणावं इतकं मायाळू. मला आवडतं ते कुत्रं, उगाच खोटं कशाला बोलू? माझा राग कुत्र्यावर नाही.

भावजींनी पुस्तकं आणली. मग रोज संध्याकाळी खुर्ची गल्लीत टाकून, येईल जाईल त्याला धरून व्याख्यान. म्हणे ही जात तीन-चार हजार वर्षं जुनी. म्हणे समुद्रापलीकडे जुन्या राज्यांत राजे-रजवाडे ही कुत्री पाळत, मेल्यावर बरोबर पुरत, थडग्यात त्यांच्या मातीच्या मूर्ती ठेवत. म्हणे ही राजघराण्यातली जनावरं, यांचं रक्त शुद्ध राखणं ही जबाबदारी आहे, येरागबाळ्याचं काम नाही. ऐकणारे माना हलवत. फुकटचं ऐकायला काय जातं?

एकदा ते आंघोळीला गेले असताना मी तेच पुस्तक चाळलं. राजघराणं होतं खरं. पण पुढच्याच पानावर लिहिलं होतं की तिथले लोक या कुत्र्यांना गुडघे दुखले की शेकायला अंथरुणात घेत, आणि सणासमारंभाला कापून खातही. राजे ज्याला पंगतीत वाढून घेत होते त्याचं हे राजघराणं. आणखी एक लिहिलं होतं, ते मला फार पटलं. अशी कुत्री मुळात कुणी ठरवून घडवली नाहीत. कधीतरी, कुठल्यातरी साध्या केसाळ कुत्रीच्या पोटी चुकून एक उघडं पिल्लू झालं. कुणाला तरी ते बघून गंमत वाटली, कुणाला तरी ऊब मिळाली, म्हणून ते जगवलं. पुढे माणसांनी उघड्याला उघडं जोडत नेलं. म्हणजे भावजींच्या भाषेत सांगायचं तर सुटलेला टाका. कारखान्यात असता तर पहिल्याच दिवशी डावीकडच्या खोक्यात गेला असता.

मी हे त्यांना जेवताना म्हणाले. ते म्हणाले, वहिनी, वाचणं वेगळं आणि समजणं वेगळं.

तर एक नर आणि एक मादी आणली. भावजींनी काम वाटून घेतलं. नोंदवही त्यांच्याकडे आणि बाकी सगळं धाकटीकडे. बाकी सगळं म्हणजे काय ते ऐका. कातडी कोरडी पडून फुटते म्हणून सकाळ-संध्याकाळ तेल. तेल जास्त झालं की पाठीवर मुरुमं येतात, ती गरम फडक्यानं शेकून बोटांनी साफ करायची. ऊन लागलं तर भाजतं, थंडी लागली तर कुडकुडतं, म्हणून जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून अंगरखे शिवायचे. या कुत्र्यांना दातही निम्मेच येतात. ज्या दोषानं केस जातात त्याच दोषानं दात जातात. म्हणून खाणं भिजवून, कुस्करून. धाकटीनं अकरा वर्षं हे केलं. कुणी बघायला आलं की भावजी म्हणायचे, मी फार मेहनत घेतो.

आता खरी गोष्ट. पहिल्या वेताला पाच पिल्लं झाली. तीन उघडी आणि दोन चांगली केसाळ, रेशमासारखी मऊ, कापसाच्या बोळ्यासारखी. भावजी पेटीपाशी वाकून बघत उभे राहिले. मग त्यांनी ओळखीचा शब्द उच्चारला.

पुढच्या वेतालाही तेच. उघडा बाप, उघडी आई, आणि दोन-चार पिल्लांत एखाददुसरं केसाळ निघायचंच. भावजींनी ठरवलं की मादीच्या रक्तात खोट आहे. खोट नेहमी मादीच्याच रक्तात असते, हे त्यांचं जुनं मत. तेव्हा मी दवाखान्यातल्या आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी सुईच्या कागदाच्या मागच्या बाजूला मला काढून दाखवलं.

त्या म्हणाल्या, पिल्लाला आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन चिठ्ठ्या मिळतात. एकीवर 'उघडं' लिहिलेलं, दुसरीवर 'केसाळ'. एक जरी 'उघडं' मिळाली तरी पिल्लू उघडं होतं. पण दोन्ही 'उघडं' मिळाल्या तर ते पिल्लू जगतच नाही, पोटातच विरून जातं, आपल्याला कळतही नाही. म्हणजे तुम्हाला चालताना-फिरताना दिसणारं प्रत्येक उघडं कुत्रं एक 'केसाळ' चिठ्ठी खिशात घेऊनच फिरत असतं. त्याला इलाज नाही. जन्मलेल्या दर तीन पिल्लांत सरासरी एक केसाळ होणारच. हजार पिढ्या शुद्ध ठेवा नाहीतर दोन हजार ठेवा. खोट कुणाचीच नाही, आणि ती केसाळ पिल्लंही त्याच जातीची, पुरते दात असलेली, धडधाकट. उलट जाणकार लोक उघड्याशी मुद्दाम केसाळच जोडतात, म्हणजे पोटातली फुकट मरत नाहीत.

तो कागद मी घडी करून आणला आणि भावजींसमोर ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी तो नाकाला चिकटवून वाचला आणि म्हणाले, बाईंची 'चिठ्ठी'मधली वेलांटी चुकली आहे. बाकी ते म्हणे सामान्य कुत्र्यांना लागू असेल. ते अशी वंशावळ घडवणार होते की तिच्यात केसाळ पिल्लू होणारच नाही.

कारण त्यांना प्रमाणपत्र हवं होतं. ही कुत्री पाळणाऱ्यांची एक संस्था आहे. तीन पिढ्यांची नोंद बिनचूक ठेवली आणि त्यांच्या माणसानं घरी येऊन तपासून मान्य केली, तर संस्था त्या घराण्याला नाव देते. मग त्या पिल्लांच्या कागदावर तुमचं नाव कायमचं. भावजींच्या मनात बसलं की बिनचूक म्हणजे केसाळ नसलेली. असं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, नियमात कुठे लिहिलं नव्हतं. मोज्यांच्या कारखान्यात नापास मालाची नोंद होत नसे, फक्त पास झालेल्याची होई. तेवढं ज्ञान घेऊन हा माणूस सजीवांच्या मागे लागला.

मग केसाळ पिल्लांचं काय करायचं? मी म्हटलं, देऊन टाका, माझ्या दवाखान्यात दहा माणसं घेतील. भावजी म्हणाले, म्हणजे गावभर डंका वाजवायचा की नापासांच्या घरी केसाळ होतात? स्वतःला नापास म्हणाले ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. ते धाकटीला म्हणायचे, ती बाजूला कर. एवढंच. बाजूला कर. आणि स्वतः वर्तमानपत्र काखेत मारून कोपऱ्यावर चहाला जायचे. परत आले की पेटीत डोकावून मोजायचे, आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहायचे: इतकी पिल्लं, सर्व बिनकेसाची.

धाकटी न्हाणीघरात बादली भरायची. पिल्लं एक दिवसाची, डोळे मिटलेली. ती काय करणार होती? जिनं मंगळवार की बुधवार यावर सुद्धा पंचवीस वर्षांत एकदा नवऱ्याला उलटून उत्तर दिलं नाही, ती इथे काय बोलणार? त्या दिवशी ती जेवायची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, फडकी, अंगरखे.

अशी अकरा वर्षं गेली. पहिली मादी म्हातारी होऊन गेली, तिची लेक झाली, लेकीची लेक झाली. ही तिसरी म्हणजे चिमणी. कागदावर तिचं नाव चार शब्दांचं आहे, त्यात एकदा 'सम्राज्ञी' येतं. चिमणी हे धाकटीनं ठेवलेलं. तीन पिढ्या पुऱ्या झाल्या, भावजींनी संस्थेला पत्र धाडलं आणि उत्तर आलं की येत्या रविवारी आमच्या बाई तपासणीला येतील. भावजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी धाकटीकडून भिंती पुसून घेतल्या.

आणि गुरुवारी दुपारी चिमणी व्याली.

मी दवाखान्यातून येऊन चप्पल काढत होते, तोच धाकटी वर आली. ती कधी वर येत नाही, मीच खाली जाते. तिच्या ओच्यात काहीतरी होतं. ती दारातच जमिनीवर बसली आणि एका दमात सांगायला लागली. कुणी मध्ये तोडणारं नव्हतं, म्हणून मी तिची पहिल्यांदा सबंध गोष्ट ऐकली.

चार पिल्लं झाली होती. पहिलंच आलं ते निपचित. श्वास नाही. तिनं त्याच्या तोंडातला चिकटा बोटानं काढला, पंच्यात धरून त्याची पाठ चोळत बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चिमणी दुसऱ्या पिल्लाच्या कळा देत होती आणि ही पहिल्याला चोळत होती. ओलं पिल्लू, त्यात काय दिसतंय, केस आहेत की नाहीत. तिला ते बघायचं सुचलंही नाही. शेवटी एकदा त्यानं उचकी दिल्यासारखं केलं आणि छाती हलली. ती म्हणाली, ताई, मला इतका आनंद झाला, आणि मी चोळतच राहिले, आणि ते वाळायला लागलं. वाळता वाळता माझ्या हातात त्याचे केस उभे राहिले.

चौथंही केसाळ होतं. भावजींनी बघितलं, रविवार जवळ आहे म्हणाले, आजच बाजूला कर, आणि चहाला गेले.

"ताई, ज्या हातानं श्वास दिला त्याच हातानं नाही होत मला," धाकटी म्हणाली. "ह्यांना कळलं तर ते स्वतः करतील. पण माझ्याच्यानं नाही."

मी तिच्या ओच्यातून दोन्ही काढली. चपलांचा पुठ्ठ्याचा डबा होता, त्यात जुना पंचा आणि गरम पाण्याची बाटली घातली. तीन दिवस, म्हणजे रविवार पार पडेपर्यंत, ती जगवायची आणि भावजींना पत्ता लागू द्यायचा नाही, एवढंच आम्हाला दिसत होतं. पुढचं पुढे. मी दवाखान्यातून पिल्लांचं दूध आणि बिनसुईची सिरिंज आणली. दर दोन तासांनी थेंब थेंब. दिवसातून दोनदा धाकटी चिमणीला कोवळं ऊन दाखवण्याच्या नावाखाली वर आणायची, आणि ती डब्यात उडी मारून दोघांना पाजत पडायची. भावजी जिन्याखालून ओरडायचे, ऊन जास्त नको, रविवारी कातडी लाल दिसता कामा नये. खरोखर, त्या माणसाला अकरा वर्षांत आपल्या कुत्रीची चाल कळली नाही, नाहीतर ती जिना कशी चढते आहे ते बघूनच ओळखलं असतं.

रविवारी सकाळी बाई आल्या. भावजींनी कुणीतरी रुबाबदार येईल म्हणून इस्त्रीचा सदरा घातला होता. आल्या त्या माझ्याच वयाच्या, साध्या, पायात कॅनव्हासचे बूट, आणि बाहीला कुत्र्याचे केस चिकटलेले. स्वतः तीस वर्षं हीच जात पाळतात म्हणाल्या. त्या जमिनीवर बसल्या, चिमणीचे ओठ वर करून दात बघितले, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, हिच्या कातडीची निगा कोण राखतं? भावजी 'मी' म्हणाले. बाईंनी त्यांच्या हातांकडे बघितलं आणि मग दारात उभ्या असलेल्या धाकटीच्या हातांकडे बघितलं.

मग नोंदवही. भावजींनी ती देवघरातून आणल्यासारखी दोन हातांनी आणली. बाई चष्मा लावून पानं उलटू लागल्या. तेरा वेतं. प्रत्येक वेताखाली तारीख, वजन, रंग, नर-मादी, आणि शेवटी तो शेरा. बाई शेवटच्या पानापर्यंत गेल्या आणि परत पहिल्यावर आल्या. भावजी मागे हात बांधून उभे, चेहऱ्यावर असं समाधान की बघवत नव्हतं. धाकटीनं चहा आणला. कुणी घेतला नाही.

"एकूण अडतीस पिल्लं," बाई म्हणाल्या. "सगळी बिनकेसाची."

भावजी म्हणाले, "एकही केसाळ नाही."

"तेच म्हणते मी. मग केसाळ कुठे गेली?"

भावजी हसले. त्यांना वाटलं बाई परीक्षा घेताहेत. त्यांनी आपल्या निवडीच्या पद्धतीवर बोलायला सुरुवात केली, शुद्ध रक्त, तीन पिढ्यांची शिस्त. बाईंनी त्यांना दोन-तीन वाक्यं बोलू दिलं आणि मग वही मांडीवर मिटली. त्यांनी आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेच सांगितलं, पण शेवट निराळा केला. त्या म्हणाल्या, ही वही खरी असूच शकत नाही. अडतीस उघडी झाली असतील तर जवळजवळ वीस केसाळ झालीच असणार. त्यांनी आजवर शेकडो वह्या तपासल्या, पण इतकी स्वच्छ एकही पाहिली नव्हती. केसाळ पिल्लू होणं हा दोषच नाही, ते लिहिलं असतं तर आजच प्रमाणपत्र दिलं असतं. लपवण्याचं कारण काय, आणि ती आहेत कुठे?

मी भिंतीला टेकले. तो सुईचा कागद माझ्याच हातानं घरात आला होता, आणि मला मेलीला तरी कुठे सुचलं की यांची वही म्हणजे यांच्याच विरुद्ध साक्ष. अकरा वर्षं ज्या गोष्टीसाठी त्या बादल्या भरल्या, त्या गोष्टीची गरजच नव्हती. गरज नव्हती एवढंच नाही, तीच आड आली होती.

भावजींचा चेहरा मात्र फक्त क्षणभर उतरला. लगेच त्यांनी सावरलं. म्हणाले, झाली होती काही, पण चांगल्या घरी देऊन टाकली. किरकोळ गोष्ट म्हणून लिहिली नाही. पत्ते? पत्ते शोधावे लागतील. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. असं सफाईदार खोटं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

बाईंनी मान वळवली आणि धाकटीला विचारलं, "तुम्ही सांगता? किती होती?"

धाकटी चहाचा ट्रे धरून उभी होती. मला वाटलं आता ही खाली बघेल आणि आत जाईल, जशी नेहमी जाते. ती गेली नाही.

"सतरा," ती म्हणाली. "कुणाला दिली नाहीत. बादलीत बुडवली. मी बुडवली."

"सतरा काय?" भावजी तिच्यावर खेकसले. "एकोणीस. गुरुवारची दोन धरलीच नाहीस."

बाईंनी पेन काढलं आणि लिहिलं. ते लिहिताना बघून भावजींच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. आयुष्यभर बायकोची चूक दुरुस्त केली, ही एक दुरुस्ती तेवढी महागात गेली.

"सतराच," धाकटी म्हणाली. पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघून. "गुरुवारची दोन जिवंत आहेत. ताईंकडे वर."

आता माणूस असता तर काय केलं असतं? दोन जीव वाचले म्हणून नसेल, पण निदान स्वतःच्या कातडीसाठी तरी बरं वाटलं असतं. दोन जिवंत पिल्लं दाखवून बाईंपुढे हात तरी जोडता आले असते. भावजी धाकटीकडे वळले आणि म्हणाले, "म्हणजे तू मला फसवलंस?"

प्रमाणपत्र अर्थातच गेलं. संस्थेनं त्यांच्या सगळ्या नोंदी रद्द केल्या आणि पुढे त्यांच्या घरी पिल्लं होऊ द्यायची नाहीत असं लेखी कळवलं. भावजी आजही संध्याकाळी गल्लीत खुर्ची टाकतात. व्याख्यान तेच, फक्त शेवट बदलला आहे. म्हणे घरात फितुरी झाली, नाहीतर आज त्यांचं नाव जगात असतं. ऐकणारे अजूनही माना हलवतात. धाकटी माझ्याकडे वर राहायला आली, चिमणी आणि चारही पिल्लं घेऊन. जेवणाचा डबा माझ्या हाती खाली पाठवते. बोलत नाही. मी तिला म्हटलं डबा तरी कशाला देतेस, तर म्हणाली, भूक लागते ना माणसाला. मी तिच्याइतकी चांगली नाही. मी तो डबा जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवते आणि हाक न मारता वर येते.

त्या रविवारी बाई पिल्लं बघायला वर आल्या होत्या, ते सांगायचं राहिलं. भावजी खालीच राहिले. धाकटीनं चपलांचा डबा उघडला. बाईंनी एकेक पिल्लू तळहातावर घेतलं, पोट बघितलं, चांगली आहेत म्हणाल्या. चिमणी माझ्या पायात घुटमळत होती. मी मोठ्या तोऱ्यात भावजींबद्दल जे मनात होतं ते सगळं ओकायला सुरुवात केली होती. हा माणूस असा, हा माणूस तसा, काळीज म्हणून नाही. बाई ऐकत होत्या. त्यांनी आमच्या खोलीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. खिडकीच्या बरोबर खाली न्हाणीघराचं पत्र्याचं छप्पर आहे, तिथला नळ सोडला की आवाज इथे येतो. त्याच वेळी कुणीतरी, भावजीच असतील, खाली नळ सोडला.

"तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात काम करता ना?" बाईंनी मला विचारलं. "किती वर्षं इथे राहता?"

मी सांगितलं.

"मग तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

धाकटीनं माझ्याकडे बघितलं नाही. ती पिल्लाला दूध पाजत होती. त्या सतरांसाठी जितक्या वेळा तो नळ सुटला होता, तितक्या वेळा मी खिडकी लावून घेतली होती.

"होतं," मी म्हणाले.

बाईंनी तेही लिहून घेतलं.